एडीसीच्या अलीकडचे काम

या मासिकाकडे येणाऱ्या लेखांत एसडीआरचे (सॉफ्टवेअर-डिफाइंड रेडिओचे) प्रकल्प वाढत आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मात्र यांतले बहुतेक लेख यूएसबी पोर्टपासूनच सुरू होतात. डोंगलला अँटेना जोडली, सॉफ्टवेअर टाकले, वॉटरफॉल दिसू लागला, की प्रकल्प पूर्ण! अँटेना आणि एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर) यांच्यामध्ये काय बसवले, यावर एक ओळही नसते.

आरटीएल२८३२यू चिपचा स्वस्त डोंगल घ्या. ट्यूनर वगळून एचएफ थेट ऐकायचे ठरवले, तर त्याचे सॅम्पलिंग २८.८ मेगाहर्ट्झने होते. साहजिकच १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचे सारे दुमडून खाली येते. २१.७ मेगाहर्ट्झवरचे स्टेशन ७.१ वर उमटते. म्हणजे १३ मीटरचा ब्रॉडकास्ट बँड नेमका आपल्या हॅमच्या ४० मीटर बँडवर येऊन पडतो. एकदा आकडे झाले की दोन्ही सिग्नल एकच. मग कितीही चांगले सॉफ्टवेअर त्यांना वेगळे करू शकत नाही. तीन टोरॉइड आणि चार कपॅसिटरचा लो-पास फिल्टर मात्र ते काम आधीच करून ठेवतो. २० मीटरवर तेवढ्याने भागत नाही, कारण तिथे १४.६ चा सिग्नल १४.२ वर येतो आणि इतक्या जवळचे कापणे घरगुती कॉइलच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्या बँडसाठी फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरच हवा.

८ बिटचा एडीसी म्हणजे खेळणे, हे मत आम्हाला मान्य नाही. ८ बिटला सुमारे ५० डेसिबलची डायनॅमिक रेंज मिळते. डोंगलकडून येणारी २.४ मेगाहर्ट्झची रुंदी एसएसबीच्या २.४ किलोहर्ट्झपर्यंत आणली की आणखी ३० डेसिबल पदरात पडतात. एवढ्यात उत्तम क्यूएसओ ऐकता येतात. अट एकच, एडीसी क्लिप होता कामा नये. आकाशवाणीच्या मीडियम वेव्ह ट्रान्समीटरजवळ राहणाऱ्यांना ही अट फिल्टरशिवाय पाळताच येत नाही, आणि नवा हॅम वॉटरफॉलवरची खोटी स्टेशने पाहून बँड उघडला असे समजतो. शंका आली तर १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावून पाहा. खरे स्टेशन तेवढेच उतरते, क्लिपिंगमुळे उमटलेले खोटे त्याहून कितीतरी जास्त.

हैदराबादच्या अशर फरहान यांच्या एसबिटएक्स या एसडीआर ट्रान्सीव्हरमध्ये रास्पबेरी पाय आहे, पण सिग्नल कोडेकपर्यंत पोहोचतो तो क्रिस्टल फिल्टरमधून गाळून. आपल्या बांधणीकारांनी त्याचा सर्किट डायग्राम समोर ठेवून अभ्यासावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पुढील अंकापासून एसडीआरवरील प्रत्येक लेखासोबत इनपुट फिल्टरचा डायग्राम, कॉइलचे वेढे, एडीसीचे बिट, सॅम्पलिंग रेट, गेन आणि अ‍ॅटेन्युएटर लावण्यापूर्वीचा व नंतरचा वॉटरफॉल पाठवावा. फिल्टर लावला नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे.