‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

आमच्या घरात कागद वाचण्याचे काम माझे. सातबारा असो, विजेचे बिल असो की बँकेची नोटीस असो, वडील तो कागद माझ्या हातात देतात आणि मी सांगेन ते खरे मानतात. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. पण ही वाचनाची जबाबदारी शाळेत असल्यापासून माझ्याकडे आहे. त्या जबाबदारीतून घडलेली एक गोष्ट आज आपल्यापुढे मांडावीशी वाटते.

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. मी तेव्हा नववीत होते. आजोबांना, म्हणजे आमच्या आबांना, चार दिवसांपासून ताप आणि खोकला होता. वडिलांनी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेले. नाकात काडी घालून अँटिजेन तपासणी झाली आणि अर्ध्या तासात हातावर एक चिठ्ठी पडली. घरी आल्यावर आजीने विचारले, “काय लिवलंय गं त्यात?” मी चिठ्ठी वाचली आणि मोठ्या खुशीत सांगितले, “निगेटिव्ह आलंय आजी. आबांना करोना नाही.” चार दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत असलेली आबांची बाज त्याच संध्याकाळी घरात आली. आजी पूर्वीसारखी त्यांच्या उशाशी बसू लागली.

तिसऱ्या दिवशी आबांना धाप लागली. एका दवाखान्यात म्हणाले, पॉझिटिव्ह अहवाल असल्याशिवाय करोना वॉर्डात घेता येणार नाही. दुसरीकडे म्हणाले, लक्षणे करोनाची दिसतात, साध्या वॉर्डात घेता येणार नाही. एकच कागद, आणि त्याच्यापायी दोन्ही दारे बंद! अखेर आर.टी.पी.सी.आर. तपासणी झाली व अहवाल पॉझिटिव्ह आला. आबा पंधरा दिवसांनी घरी परतले. तोवर आजी तापाने पडली होती. ती मात्र उठली नाही. बाज घरात आणल्यामुळेच तिला लागण झाली असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही; कदाचित ती आधीच झाली असेल. पण ‘करोना नाही’ हे वाक्य त्या कागदावर नव्हते. ते मी माझ्या पदरचे घातले होते.

मग त्या कागदाचा खरा अर्थ काय होता? अँटिजेन तपासणीत विषाणूची प्रथिने शोधतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १४ जून २०२० रोजी या तपासणीला मान्यता दिली, तेव्हाच तिने दोन ठिकाणच्या पडताळणीचे आकडे जाहीर केले होते. रोग असलेल्यांना ओळखण्याची या तपासणीची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के भरली होती. म्हणजे करोना झालेले शंभर जण तपासले, तर वाईटात वाईट स्थितीत त्यांतल्या एकोणपन्नास जणांच्या हाती ‘निगेटिव्ह’ अशी चिठ्ठी पडणार! उलट, रोग नसलेल्यांना ‘नाही’ असे बरोबर सांगण्याची तिची क्षमता ९९.३ ते १०० टक्के होती. थोडक्यात, तिच्या होकारावर भिस्त ठेवता येत होती, नकारावर नव्हे. म्हणूनच लक्षणे असलेल्या रुग्णाचा अँटिजेन अहवाल निगेटिव्ह आला तर आर.टी.पी.सी.आर. करावी, असेही परिषदेने सांगितले होते. हे सारे सरकारी कागदावर छापलेले होते. आमच्या चिठ्ठीवर नव्हते.

आर.टी.पी.सी.आर. ही अधिक भरवशाची तपासणी. तिच्यात विषाणूचा जनुकीय अंश अनेक पटींनी वाढवून पाहतात. पण तीही चुकत नाही असे नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली आधीच्या सात अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. लक्षणे दिसू लागतात त्या दिवशी सुमारे ३८ टक्के बाधित या तपासणीतून निसटतात आणि तीन दिवसांनंतरही सुमारे २० टक्के निसटतात, असे त्यांना आढळले. त्याची कारणे साधी आहेत. तपासणी फार लवकर किंवा फार उशिरा होते. काडी पुरेशी आत जात नाही. विषाणू नाकातून ओसरून फुप्फुसात उतरलेला असतो. किंवा नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नीट थंड राहत नाही. यांपैकी काहीही अहवालावर उमटत नाही. तर्कशास्त्राच्या तासाला आम्हांला शिकवतात की, ‘सापडले नाही’ एवढ्यावरून ‘नाहीच’ असा निष्कर्ष काढणे हा विचारातला दोष आहे. तपासणी एवढेच सांगते की या काडीवर या घटकेला विषाणू सापडला की नाही. आपण मात्र तिला विचारतो, या माणसाला रोग आहे का?

यावर कोणी म्हणेल, खेड्यातल्या माणसाला हे टक्के सांगून काय उपयोग? उलट तपासणीवरचा त्याचा विश्वासच उडेल. मला हे पटत नाही. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर ‘उगवणक्षमता किमान ७० टक्के’ असे छापलेले असते. माझे वडील चौथी शिकलेले. ते पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, किती उगवले ते मोजतात आणि उगवण कमी दिसली तर एकरी बियाणे वाढवतात. शंभरातले तीस दाणे उगवणार नाहीत हे ठाऊक असूनही त्यांनी पेरणी सोडलेली नाही. जो माणूस बियाण्याचे टक्के समजू शकतो, त्याला दवाखान्यातल्या चिठ्ठीचे टक्के का समजू नयेत? विश्वास उडतो तो टक्के सांगितल्याने नव्हे, लपवल्याने.

अँटिजेन तपासणीला मी नावे ठेवत नाही. प्रयोगशाळांत नमुन्यांचे ढीग साचले असताना तिने अर्ध्या तासात अनेक रुग्ण हुडकून दिले. दोष आहे तो अर्धाच निरोप देण्यात, आणि त्या अर्ध्या निरोपावर वॉर्डाचे दार उघडण्यात किंवा बंद करण्यात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयालाही पुढे हे मान्य करावे लागले. दाखल होण्यासाठी पॉझिटिव्ह अहवालाची सक्ती नाही, संशयित रुग्णाला संशयितांच्या वॉर्डात घ्यावे, असे ८ मे २०२१ रोजी जाहीर झाले. हे शहाणपण आमच्या घरी दोन-तीन आठवडे उशिरा पोचले.

ही जुनी गोष्ट झाली असे समजू नये. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूची साथ होती, जानेवारी २०२५ मध्ये एच.एम.पी.व्ही.ची चर्चा होती. ताप-खोकल्याचे नवे नाव येत राहील आणि नाकातली काडीही राहील. म्हणून माझी मागणी लहानशी आहे. प्रत्येक अहवालावर तीन गोष्टी मराठीत छापाव्यात: तपासणी कोणती केली, आजाराच्या कितव्या दिवशी केली, आणि निगेटिव्ह असूनही त्रास चालू राहिला तर काय करावे. याला शाईपलीकडे खर्च नाही. आणि डॉक्टरांनी कागदाबरोबर माणसाकडेही पाहावे, एवढी विनंती.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकजण आपापल्या घरातले कागद वाचणारे आहेत. आपण जे वाचून दाखवतो त्यावर घरातली माणसे निर्धास्त झोपतात. तेव्हा कागदावर आहे तेवढेच सांगावे, आणि नाही ते विचारून घ्यावे.

गेल्या पावसाळ्यात आईला ताप आला. चिठ्ठी पुन्हा माझ्या हातात आली. आबांनी बाजेवरूनच विचारले, “काय म्हणतोय कागद?” मी म्हणाले, “या काडीत सापडला नाही, एवढंच लिहिलंय आबा. खोकला थांबला नाही तर परवा पुन्हा जायचं.” आईचे अंथरूण त्या रात्री गोठ्याशेजारच्या खोलीतच राहिले.