रीलपुरती नको, शोधासाठी हवी!

अंडरवॉटर स्कूटरचं रील तुम्हीही पाहिलं असेल. दोन्ही हातांनी हँडल धरायचं, पंखा फिरतो आणि डायव्हर पाय न मारता सुसाट पुढे. भारीच! पण त्याच स्कूटरवर सोनार आणि नेव्हिगेशन बसवलं, की ती नुसती मजेची वस्तू राहत नाही.

दर पावसाळ्यात आपण बातमी वाचतो: कॉलेजचा ग्रुप धरणावर गेला, कुणीतरी बुडालं, शोधकार्य सुरू. गढूळ पाण्यात टॉर्चचा उजेड हातभरही पोचत नाही. पाणबुडे चक्क चाचपडत शोधतात. त्यात १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणजे सिलिंडरमधली हवाही साधारण दुप्पट वेगाने संपते.

सोनारला उजेड लागत नाही. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो; त्याच्या प्रतिध्वनीतून तळाचं चित्र उमटतं. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, म्हणून दिशा आणि वेग मोजून यंत्र जागेचा हिशेब ठेवतं. तोच पट्टा पुन्हा शोधावा लागत नाही, दमछाकही वाचते.

महाग आहे, मान्य. पण जिल्ह्यात एक तरी असावी, ट्रेनिंगसकट. आणि इंजिनीअरिंगवाल्यांनो, फायनल इयरसाठी प्रोजेक्ट शोधताय ना? स्वस्त सोनारचं बघा की!

फक्त एक विसरू नका. ही स्कूटर शोधणाऱ्याचा जीव सांभाळेल, बुडालेल्याचा परत आणणार नाही. ‘खोल पाणी’ अशी पाटी दिसली, की काठावरच थांबा.