जुनी बंदूक घेण्याआधी

शेतकरी बंधूंनो, नाणे मावळात, आंदर मावळात भात निसवला की रानडुकरांचा उपद्रव वाढतो. मग कोणी सांगतो, 'लोणावळ्यात जुनी बंदूक विकाऊ आहे, हलकी आहे, स्वस्तात मिळेल.' घाई करू नका.

आधी परवाना. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, ती अपुरी पडली तर साध्या नळीची दुसरी बंदूक, अशी सोय आहे. मॅग्नम रायफलीचा हव्यास नको. तिची गोळी शेजारची वाडी गाठते. विकणाऱ्याने पोलीस ठाण्याला लेखी कळवावे आणि ४५ दिवस उलटल्यावरच बंदूक हाती द्यावी.

मग बंदूक. ती रिकामी आहे याची खात्री करा. नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. गंजाचे खड्डे किंवा पोचे दिसले, नळ्या सांध्यात हलल्या, तर घेऊ नका. नंबर परवान्याशी जुळवा. जुन्या बाराबोअरची कोठी पुष्कळदा अडीच इंची असते. काडतुसाची लांबी ते उडून उलगडल्यावरची धरतात. म्हणून तीन इंची मॅग्नम काडतूस आत बसले तरी नळी फुटू शकते. शिवाय बंदूक जितकी हलकी, तितका खांद्याला धक्का जास्त.

आणि लक्षात ठेवा, परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते. नुकसान झाले तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते.

घरी बंदूक व काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवा. किल्ल्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.