इराण्याची खुर्ची आणि वारलीचा चौक

मुंबईतल्या जुन्या इराण्याकडे किती मुलूख एका खोलीत नांदतात! भिंतीवर जरथुष्ट्राची तसबीर, खाली संगमरवरी टेबलं, बाजूला मोठाले आरसे, समोर ब्रून मस्का. यझ्द-कर्मानकडून आलेल्या माणसांनी ही हॉटेलं थाटली. कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं. तिथली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ मध्ये काढलेल्या नमुन्याच्या कुळातली. मूळ नमुन्यात वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच संसार. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, त्यामुळे त्या समुद्रापार धाडणं सोपं होतं. वेताच्या बैठकीतून हवा खेळते, खुर्ची एका हाताने उचलता येते. संगमरवर ओल्या फडक्याने पुसला की झालं. आरशांमुळे खोल दुकानात उजेड पोचतो आणि गल्ल्यावरच्या मालकाला कोपऱ्यातलं टेबलही दिसतं. इथे प्रत्येक परक्या वस्तूला काम होतं, म्हणूनच ती परकी राहिली नाही.

आज हॉटेल सजवताना, या वस्तूचं इथे काम काय, हा प्रश्नच विचारला जात नाही. एका भिंतीवर वारली, दुसरीकडे लाफिंग बुद्ध, वर मोरोक्कन दिवे. वारलीचा चौक, म्हणजे चौकोनी देवचित्र, लग्नात सवाशिणी काढतात, सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. आत पालघट देवी असते. अशा चित्रांचा छापील कागद बेसिनच्या वर चिकटवला जातो आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी स्विचबोर्डापाशी तुटते. ही सरमिसळ मनाला लागते, कारण तिथे कुणी त्या चित्राकडे पाहिलेलंच नसतं.

यावर कुणी म्हणेल, कला भिंत सोडून जातेच. जिव्या सोमा म्हशे यांनीच वारली कागदावर आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अगदी खरं. पण कागदाबरोबर वारल्याचा हातही गेला. काय घ्यायचं, काय सोडायचं हे त्या हाताने ठरवलं. कुलाब्याच्या मॉन्डेगार कॅफेमध्येही तेच झालं. चित्रकार गोव्याचे मारिओ मिरांडा, हॉटेल इराण्याचं आणि भिंतीवर मुंबईची माणसं. छोट्या हॉटेलवाल्याला चित्रकार बोलावणं परवडणार नाही, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. तरी थोनेटची खुर्चीसुद्धा कारखान्यात घाऊक बनणारा स्वस्त मालच होता; प्रश्न किमतीचा नाही, कामाचा आहे. शिवाय सगळं हॉटेल रंगवायची गरजच नाही, एक भिंत पुरते. डहाणू-तलासरीकडच्या चित्रकाराला बोलवा, उजेड कुठून येतो आणि बेसिन कुठे आहे ते दाखवा, नाचाची साखळी कुठून कुठे न्यायची ते त्याला ठरवू द्या, मजुरी चोख द्या आणि खाली कोपऱ्यात त्याचं नाव राहू द्या.