घाम विकत घेणे आहे

वाफेशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. उकडीचा मोदक वाफेवर होतो, अळूवडीचा उंडा वाफेवर शिजतो, पातोळ्या तर हळदीच्या पानासकट वाफेत बसतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली तीही वाफेच्याच जोरावर. तीन इंजिनांनी चौदा डबे आणि चारशेच्या आसपास माणसं ओढून नेली. सर्दी झाली की डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यात तोंड घालणाऱ्यांपैकी मी स्वतः आहे. तेव्हा वाफेचे उपकार मी जाणतो. माझं म्हणणं एवढंच, की मोदक, अळूवडी आणि इंजिन यांच्या पंगतीला एका बी. कॉम. झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बँकेच्या कारकुनाला उकडायला बसवू नये.

पण हल्ली तसं बसवतात. त्याला ‘स्टीम शॉवर’ म्हणतात.

डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटचं बाथरूम पाच फूट बाय सात फूट. ते दुरुस्तीला काढायचं ठरलं, त्याचं कारण अगदी साधं होतं. नहाणी ट्रॅपभोवती पाणी मुरतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छतावर त्याचा नकाशा उमटतो. (न्हाणीचं बाथरूम आपण केलं, ‘नहाणी’ हा शब्द प्लंबर मंडळींनी ट्रॅपला बांधून जिवंत ठेवला, याबद्दल त्यांचा कुठल्या तरी साहित्य संमेलनात सत्कार व्हायला हवा.) काका भले गृहस्थ. जिन्यात भेटले की फक्त एवढंच सांगतात, “आज विदर्भ थोडा वाढलाय.”

तर या विदर्भाचा बंदोबस्त करायला कॉन्ट्रॅक्टर आला आणि जाताना एक कॅटलॉग ठेवून गेला. त्यात काचेची पेटी, पेटीत वाफ आणि वाफेत डोळे मिटून बसलेला एक गोरा इसम. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान, की त्याच्या खालच्या मजल्यावर कोणी राहतच नसावं. तो फोटो घरात हातोहात फिरला. चिरंजीव म्हणाले, “बाबा, भारी आहे!” सौभाग्यवती म्हणाल्या, “एकदाच तर करायचंय.” मेहुणा म्हणाला, “भाऊजी, स्ट्रेस जातो याने.” कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, “साहेब, हल्ली सगळेच बसवतात.” बँकेच्या काउंटरवर मी वीस वर्षं बसतोय. हे ‘सगळे’ नावाचे गृहस्थ आजपर्यंत कधी समोर आले नाहीत. पण कर्जाचे निम्मे अर्ज त्यांच्याच शिफारशीवर येतात.

आता मुद्द्यावर येतो. घाम काढण्याची हौस ही मुळात थंड देशाची. फिनलंडची वस्ती सुमारे ५५ लाख आणि तिथल्या सौना ३० लाखांच्या घरात. तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं आणि त्या ऊबेत बसायचं, ही त्यांची रीत इतकी जुनी, की २०२० साली युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. घेऊ द्या. बाहेर गुडघाभर बर्फ असताना माणसाला घाम आला तर तो सणच आहे. आमच्याकडे घाम हा सण नसून नित्यकर्म आहे. जुलै महिन्यात आमच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. वाफेच्या पेटीत ती १०० टक्के होते. म्हणजे वरच्या वीस टक्क्यांसाठी लाख रुपये. टक्क्याला पाच हजार! या दराने आमची बँक व्याजसुद्धा लावत नाही.

यावर मेहुण्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं. “भाऊजी, हे परदेशी नाहीच. आपल्या चरकांनी सांगितलंय. स्वेदन!”

सांगितलंय खरं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय सबंध घामावर आहे. अग्नीच्या मदतीने घाम काढायचे तेरा प्रकार त्यात दिले आहेत. पण मेहुण्याने पुढचं पान उलटलेलं नाही. अग्नीवाचून घाम काढायचे दहा उपायही तिथेच आहेत : व्यायाम, उबदार खोली, जाड पांघरूण, भूक, भरपूर मद्यपान, भीती, राग, पोटीस, मारामारी आणि ऊन. वाचक हो, ही यादी पुन्हा एकदा वाचा आणि सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडणाऱ्या माणसाकडे बघा. मद्य आणि पोटीस सोडले, तर उरलेले आठही उपाय ठाणे यायच्या आत होतात, तेही मासिक पासात. शिवाय घाम कुणाला काढू नये याचीही यादी चरकांनी त्याच अध्यायात दिली आहे. गर्भिणी आणि मधुमेही त्यात आहेत. आजचे डॉक्टर हृदयविकाराच्या आणि रक्तदाबाच्या रोग्यांनाही जपून राहायला सांगतात. कॅटलॉगमधल्या गोऱ्या इसमाला यातलं काही नसावं. आमच्या घरात दोन मधुमेही आणि एक रक्तदाब आहे. उरला चिरंजीव. त्याला घाम यावा असं वाटत असेल, तर त्याच्या हातून मोबाइल काढून घ्यावा. राग, भीती आणि मारामारी हे तिन्ही उपाय एकदम होतात.

वाद जिंकायचा म्हणून खोटं बोलणार नाही. वाफेच्या अंघोळीला पाणी फार थोडं लागतं, काही लिटरांत काम होतं. एरवी शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सहज ओततो. वीजही भयंकर नाही. साडेचार किलोवॉटचं यंत्र अर्धा तास चाललं तर सव्वादोन युनिट. गोम आहे ती यंत्राच्या सरबराईत. वाफ कोंडायची म्हणजे दार छतापर्यंत हवं. छतालाही फरशी हवी, आणि तिलाही उतार हवा, नाहीतर गार झालेले थेंब टपाटप टाळूवर पडणार. वेगळी वायरिंग हवी, शॉक लागायच्या आत वीज तोडणारं यंत्र हवं, आणि नंतर ओल बाहेर ओढायला पंखा हवा. नाहीतर भिंतींना बुरशी. पाणी जड असलं, बोअरिंगचं किंवा टँकरचं, की आतल्या कॉइलवर क्षाराचं पूट चढतं. ते वेळोवेळी काढत बसा. काचपट्ट्यांची खिडकी बुजवायची ती वेगळीच. आणि ज्या घरात गॅस गीझर बाथरूमच्या आत टांगलेला आहे, तिथे खिडकी बुजवणं म्हणजे विषाची सोय करणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो दार ठोठावून येत नाही. अशा बंद न्हाणीघरांत माणसं गेलेली आहेत. इथे मी विनोद करणार नाही.

आता खरं भांडण सांगतो. बँकेत राहून मला एक सवय लागली आहे : एस्टिमेट खालून वाचायचं. वरच्या ओळी गिऱ्हाइकाला खूश करायला असतात, खालच्या ओळींत सत्य असतं. वाफेचं यंत्र बजेटात बसवायला कॉन्ट्रॅक्टरने खाली तीन ठिकाणी काट मारली होती. पहिली काट : जुना ब्रिकबॅट कोबा काढून नवं वॉटरप्रूफिंग करणे. त्याऐवजी ‘वरून केमिकलचा एक हात’. म्हणजे काकांचा विदर्भ अबाधित. दुसरी : खरखरीत फरशी. तिच्याऐवजी चकचकीत, कारण काचेच्या पेटीला तीच शोभते. तिसरी : भिंतीला धरायचे स्टीलचे दांडे, नग दोन. हे दांडे माझ्या आईसाठी होते.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. स्टुलावरून उठताना ती नळ धरते. नळ पाणी द्यायला असतो, माणूस तोलायला नव्हे. पण भिंतीला दुसरं काही नाही. बाथरूमचं दार आत उघडतं. उद्या ती आत पडली, तर दाराला तिचंच शरीर आडवं येईल आणि बाहेरून ढकलणारा तिलाच ढकलील. दार बाहेर उघडणारं करायला आणि कडी बाहेरूनही निघेल अशी बसवायला कितीसा खर्च येतो? या वयात खुब्याचं हाड मोडलं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा. या सगळ्याबद्दल आईला कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, “मला मेलीला वाफ कशाला? उठताना धरायला काहीतरी करा.”

माझा राग आहे तो इथे. वॉटरप्रूफिंग फरशीखाली जातं, ते पाहुण्यांना दाखवता येत नाही. दांडा लावला, तर घर दवाखान्यासारखं दिसतं म्हणतात. काचेची पेटी मात्र दिवाळीला आलेल्या प्रत्येकाला दाखवता येते. पुढच्या दिवाळीपर्यंत तीत सुकायला टाकलेले टॉवेल असतात, हा भाग वेगळा; घरोघरच्या व्यायामाच्या सायकलींची हीच गत झाली आहे. न्हाणीघराची किंमत त्यात काय बसवलं यावरून करू नये. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस त्यातून रोज आपल्या पायांनी बाहेर येतं का, आणि खालच्या माणसाचं छत कोरडं राहतं का, या दोनच प्रश्नांवरून करावी.

म्हणून आमचं एस्टिमेट मी पुन्हा लिहून घेतलं. कोबा, उतार, खरखरीत फरशी, दोन दांडे, बाहेर उघडणारं दार. फरशी बसवण्याआधी तीन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली काकांच्या घरी जाऊन वर बघायचं, हेही कलम घातलं. मेहुणा अजून नाराज आहे. त्याला आणि त्याच्यासारख्या सर्वांना माझं सांगणं असं : आधी ही पाच कामं करा. मग जे पैसे उरतील, त्यांत खुशाल वाफ घ्या. किती उरतात ते मात्र मला येऊन सांगा. मी काउंटर नंबर तीनवर असतो, आणि पंखा तिथे बंदच असतो.