पेन्शनबरोबर मेंटेनन्स परेडही संपली का?



परवा रविवारी सकाळी धौला कुआंकडून वंदेमातरम मार्गानं करोल बागेकडे सायकलवर निघालो होतो. रिजच्या जंगलातून जाणारा हा रस्ता सहा वाजता दिल्लीचा वाटतच नाही. चढावर एक गृहस्थ सायकल झाडाला टेकवून फोनवर बोलत होते. कार्बनची फ्रेम, काळा चष्मा, अंगाला चिकटलेली जर्सी. केसांचा कट बघून ओळखलं, आपल्यातलेच. थांबलो. निघाले साताऱ्याकडचेच, रिटायर होऊन दोन वर्षं झालेली.

मागचं चाक पंक्चर होतं. पिशवीत नवी ट्यूब होती, टायर काढायच्या पट्ट्या होत्या, एक परदेशी टूल होतं आणि त्याचं वेष्टणही फोडलेलं नव्हतं. साहेब घरून गाडी मागवत होते, कारण मागचं चाक सुटतं कसं तेच ठाऊक नव्हतं. दहा मिनिटांत ट्यूब बदलून दिली. त्यावर म्हणतात, "सुभेदारसाहेब, हे आपलं काम नाही हो. एवढे पैसे मोजलेत ते कशासाठी?"

हे वाक्य मला टोचलं. म्हणून हा लेख.

आयुष्यभर आपण रायफल खोलून, पुलथ्रू ओढून, चिंदी मारूनच कोतमध्ये जमा केली. एमटीतल्या पोरांनी गाडीखाली आडवं पडून ग्रीस भरलं. मेंटेनन्स परेड चुकवली तर काय व्हायचं ते सांगायला नको. आणि पेन्शन सुरू झाल्यावर तोच माणूस तब्येतीसाठी लाखाची सायकल घेतो आणि तिची चेन वर्षभर पुसत नाही? मग ब्रेक लागला नाही की कंपनीला शिव्या घालतो. महाग म्हणजे चांगलं ही समजूत आपल्यात आली कुठून कोण जाणे. शिपाई असताना तर नव्हती.

दुसऱ्या बाजूचे लोकही मला पटत नाहीत. "झंडेवालानला सगळं अर्ध्या किमतीत मिळतं" म्हणत दिसेल ते उचलणारे. करोल बाग मेट्रोनंतरचं पुढचं स्टेशन झंडेवालान. हनुमानाच्या त्या १०८ फुटी मूर्तीवरून पुढे गेलं की सायकलींचा घाऊक बाजार लागतो. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीच्या मडगार्डापासून गिअरच्या कॅसेटपर्यंत सगळं मिळतं. मी तिथे वर्षभर जातोय आणि दोनदा फसलोय. एकदा ॲलन कीचा स्वस्त सेट घेतला. लोखंड इतकं मऊ की पहिल्याच बोल्टचं तोंड गोल झालं आणि चार पैशांच्या किल्लीपायी हँडलचा बोल्ट ड्रिलनं काढावा लागला. दुसऱ्यांदा हेल्मेट. शिक्का बघून घेतलं, घरी येऊन वाचलं तर आयएस ४१५१. तो मोटारसायकलच्या हेल्मेटचा आकडा. सायकलच्या हेल्मेटवर युरोपचा ईएन १०७८ किंवा अमेरिकेचा सीपीएससी बघायचा असतो. थर्माकोलच्या टोपीवर कुणीही कसलाही शिक्का चिकटवावा आणि आपण तो डोक्यावर मिरवावा, हे डोकं आपलंच आहे ना?

याच करोल बागेत खानापूर-आटपाडीकडचे आपले गलाईवाले सोनं गाळतात. कुणी शिक्का दाखवला म्हणून ते सोनं घेत नाहीत, कसाला लावतात. सायकलच्या सामानालाही कस लावता येतो, पण त्यासाठी हातात हत्यार हवं आणि ते कसं वापरायचं ते ठाऊक हवं.

माझा हिशोब असा आहे. जर्सीवर खर्च करायचा तो हत्यारांवर करा. ४, ५ आणि ६ मिलीमीटरच्या चांगल्या ॲलन कीनं निम्मी सायकल खुलते. आपल्या नाशिकच्या सातपुरात बनणारं टापरियाचं सामान देशभरातले मेकॅनिक वापरतात, ते काही शेकड्यांत मिळतं आणि नातवाच्या हातीही टिकेल. परदेशी निळ्या मुठीची हत्यारं उत्तमच असतात, पण महिन्यातून एकदा पेडल काढणाऱ्याला त्यांची गरज नाही. (पेडल काढताना एक लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावून ते मोडणारे मी पाहिलेत.) उलट कार्बनचं हँडल असेल तर टॉर्क पान्हा पाहिजेच. किती न्यूटन-मीटर आवळायचं ते बहुधा भागावरच छापलेलं असतं. लाखाची फ्रेम घेणाऱ्या किती जणांकडे हा पान्हा आहे, विचारून बघा.

आणि एक पोलादी मोजपट्टी. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धरून चोवीस कड्या मोजायच्या. नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात. सोळांश इंचानं वाढल्या की चेन बदला. अष्टमांशापर्यंत थांबलात तर कॅसेटही खाल्लेली असते आणि खर्च कैक पटीनं वाढतो. दिल्लीच्या धुळीत तेल थेंबानं घालावं आणि वरचं पुसून टाकावं. रायफलचं तेल चेनला ओतणारे बहाद्दरही आहेत. ते तेल सरकारी आहे, एवढंच सांगतो.

सायकलची किंमत ती दुरुस्त करता येण्यात असते, हे फौजेला नवं नाही. १९४१-४२ मध्ये मलायात जपानी शिपाई हजारो सायकलींवरून दक्षिणेकडे उतरले. जपानी सायकली तिथे आधीपासून विकल्या जात, त्यामुळे सुटे भाग गावोगाव मिळत. ट्यूब संपल्या तेव्हा ते नुसत्या रिमवर चालले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. हरलेल्या बाजूला आपल्या हिंदुस्थानी पलटणी होत्या, म्हणून हा धडा आपण तरी विसरू नये. इथून जवळच साहिबाबादला ॲटलसचा कारखाना होता. ३ जून २०२०ला, नेमका जागतिक सायकल दिनी, तो बंद झाला. पण ॲटलसच्या जुन्या सायकलीला लागणारी ट्यूब आजही कोपऱ्यावरचा पंक्चरवाला डोळे मिटून देतो. साहेबांच्या सायकलीचा गिअर हँगर वाकला तर तेवढ्या एका तुकड्यासाठी आठवडे थांबावं लागेल.

कुणी म्हणेल, सगळं आपणच केलं तर त्या पंक्चरवाल्यानं खायचं काय? चाकाचा आऊट काढणं, आरे ताणणं, बेअरिंग बसवणं ही त्याची कला आहे. ती त्याच्याकडून करून घ्या आणि तिथे घासाघीस करू नका. घासाघीस शिक्के चिकटवणाऱ्यांशी करा.

साहेबांना त्या दिवशी माझी जादा मोजपट्टी दिली. चेन मोजून कळवायचं ठरलंय. अजून निरोप नाही.