बिल शून्य, तरी मोटार जळतेच! केबलमध्ये किती वीज मुरते?

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. बळीराजा मोफत वीज योजनेची ही मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे. बिल गेलं, तसा विजेचा हिशेबही कुणी करेनासं झालं. पण खांबापासून विहिरीपर्यंतच्या केबलमध्ये जी वीज नुसती उष्णता होऊन जाते, तिचा भुर्दंड अजून शेतकऱ्यालाच आहे. बिलातून नाही, तर मोटार भरायच्या खर्चातून.

हिशेब सोपा आहे. अँपिअरला अँपिअरने गुणायचं, मग तारेच्या रोधाने म्हणजे ओहमने गुणायचं. जितके वॅट येतील, तितकी वीज तारेत तापून गेली.

समजा ५ एचपीची थ्री फेज मोटार ८ अँपिअर घेते. अडीच एमएमची तांब्याची केबल ३०० मीटर टाकली, तर एका तारेचा रोध साधारण २.२ ओहम. ८ × ८ × २.२ म्हणजे सुमारे १४० वॅट. तारा तीन, म्हणजे ४२० वॅट. अर्ध्या एचपीपेक्षा जास्त ताकद मोटारीपर्यंत पोचतच नाही. आठ तासांत तीन युनिटहून जास्त वीज वाया. हीच केबल चार एमएमची असती तर २६५ वॅट गेले असते, सहा एमएमची असती तर १८० च्या आत.

खरी गोम पुढे आहे. याच केबलमध्ये सुमारे ३० व्होल्टही पडतात. डीपीवर आधीच ३८० व्होल्ट असतील, तर मोटारीला ३५० च मिळतात. व्होल्टेज कमी झालं की तेवढंच पाणी उचलायला मोटार जास्त अँपिअर ओढते. ८ चे १० अँपिअर झाले, तर केबलमधली उष्णता ४२० वरून ६६० वॅटवर जाते. मोटारीची कॉइलही तशीच तापते आणि शेवटी जळते.

सरकारने २०१८ मध्ये आणलेली एचव्हीडीएस योजना याच हिशेबावर उभी आहे. ११ हजार व्होल्टची लाईन शेताजवळ न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांत एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा. व्होल्टेज जास्त असलं की तेवढीच वीज न्यायला अँपिअर सुमारे २६ पट कमी लागतात, त्यामुळे लाईन तापत नाही. पण ट्रान्सफॉर्मरच्या पुढची केबल शेतकऱ्याचीच. ती बारीक असेल, तर योजनेचा निम्मा फायदा तिथेच मुरतो.

म्हणून मोटार पुन्हा भरण्याआधी चालू मोटारीचं व्होल्टेज डीपीजवळ आणि स्टार्टरवर, दोन्हीकडे वायरमनकडून मोजून घ्यावं. फरक मोठा निघाला तर दोष मोटारीचा नाही, केबलचा किंवा पिळून मारलेल्या जोडांचा आहे. जाड केबलला एकदाच पैसे लागतात. मोटार मात्र दर हंगामाला भरावी लागते.